‘तुम्हीही तपासून घ्या’: एका गायिकेच्या आजाराचं जाहीर निवेदन

पार्श्वभूमी

या प्रकरणातल्या गायिका चाळिशी ओलांडलेल्या आहेत, लोकप्रिय आहेत आणि समाजमाध्यमांवर त्यांचा चाहतावर्ग प्रचंड आहे. ओळख पटू नये म्हणून गाव, देश, संस्था टाळल्या आहेत आणि काही वैयक्तिक तपशील बदलले आहेत. निर्णय कोणत्या क्रमाने झाले आणि कुठे कोण अडलं, हे मात्र जसं घडलं तसंच ठेवलं आहे. आजाराबद्दल लोकांशी काय आणि कसं बोलावं, हे ठरवण्यासाठी त्यांनी जी मोजकी माणसं जमवली त्यांत मी होतो. हे लिहायला त्यांची संमती आहे.

एका मोठ्या दौऱ्याआधी आयोजकांच्या विमा कंपनीने संपूर्ण आरोग्य तपासणी मागितली. त्या तपासण्यांमध्ये मानेची सोनोग्राफीही होती. गायिकेला त्रास असा काहीच नव्हता. गिळताना अडत नव्हतं, आवाज बसत नव्हता, मानेला हात लावला तर काही लागत नव्हतं. सोनोग्राफीत थायरॉइडच्या उजव्या भागात ८ मिलिमीटरची गाठ दिसली. सुईने पेशी काढून तपासल्यावर पॅपिलरी प्रकारचा, म्हणजे थायरॉइडमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कर्करोग असल्याचं कळलं.

सर्जननी ग्रंथीचा अर्धा भाग काढायचा सल्ला दिला. दुसरं मत घ्यायला गेल्यावर हॉर्मोनतज्ज्ञ डॉक्टरांनी आणखी एक मार्ग सांगितला: शस्त्रक्रिया न करता ठराविक काळाने सोनोग्राफी करत गाठीवर लक्ष ठेवायचं. जपानमध्ये कोबेच्या कुमा रुग्णालयाने १९९३ पासून अशा लहान गाठींचे रुग्ण या पद्धतीने सांभाळले आहेत. तिथल्या १,२३५ रुग्णांच्या पाहणीत १० वर्षांत सुमारे ८ टक्के लोकांची गाठ ३ मिलिमीटर किंवा जास्त वाढली, साधारण ४ टक्के लोकांच्या मानेतल्या लसिकाग्रंथींमध्ये रोग दिसला आणि या कर्करोगाने कुणीही दगावलं नाही. गायिकेने हे सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, “गळ्यात कर्करोग आहे हे ठाऊक असताना मी गायला उभी कशी राहू?” काही आठवड्यांत शस्त्रक्रिया झाली.

रोग बाहेर पसरलेला नव्हता. शस्त्रक्रिया यशस्वी झाली, पण वरचे स्वर डळमळू लागले. थायरॉइडला लागून स्वरयंत्राकडे जाणाऱ्या नसा असतात. त्यांतली एक बारीक फांदी स्वरतंतू ताणण्याचं काम करते, आणि वरच्या पट्टीत गाणाऱ्याला तिचाच आधार असतो. ऑपेरा गायिका अमेलिता गाली-कुर्ची यांची थायरॉइडची शस्त्रक्रिया १९३५ मध्ये झाली. त्यांची कारकीर्द या नसेला इजा झाल्यामुळे संपली, असं सर्जनांच्या अनेक पिढ्या शिकत आल्या. नंतरच्या अभ्यासकांनी त्या कथेवर शंका घेतली आहे. तरी गाणाऱ्या माणसाची थायरॉइड शस्त्रक्रिया निघाली की ती आजही सांगितली जाते. आमच्या गायिकेलाही ती रुग्णालयातच कुणीतरी ऐकवली होती.

पहिला निर्णय, जो कुणी निर्णय म्हणून घेतलाच नाही

दौरा पुढे ढकलावा लागला. कारण विचारणारे फोन सुरू झाले तेव्हा मॅनेजरने घशाला संसर्ग झाल्याचं सांगून टाकलं. गायिका त्या वेळी शुद्धीवर येत होत्या, त्यांना कुणी विचारलं नाही. तीन आठवड्यांनी रुग्णालयाच्या दारातला, मानेला पट्टी असलेला त्यांचा फोटो सगळीकडे फिरला. आता आजाराची बातमी आणि खोटं बोलल्याची बातमी, दोन्ही एकदम आल्या.

आजार गुप्त ठेवण्याचा हक्क प्रसिद्ध माणसालाही पूर्ण आहे. लोकांचं प्रेम मिळालं म्हणून शरीराचा अहवाल त्यांच्यापुढे ठेवावा, असं कुठलंही ऋण तयार होत नाही, यावर माझं मत ठाम आहे. पण काही न सांगणं आणि खोटं सांगणं यांत फार अंतर आहे. ‘प्रकृतीच्या कारणाने दौरा पुढे ढकलला आहे, अधिक काही सांगणार नाही’ एवढं पुरलं असतं. संसर्गाची गोष्ट सांगितल्यामुळे पुढच्या प्रत्येक वाक्यावर संशयाची सावली राहिली. तीही अशा वेळी, की ज्या वेळी लोकांनी त्यांचं म्हणणं नीट ऐकणं सगळ्यात गरजेचं होतं.

समस्या

फोटो फुटल्यावर गायिकेनेच बोलायचं ठरवलं. त्यांनी स्वतः लिहिलेला मजकूर दोन मिनिटांच्या व्हिडिओचा होता. त्यात निदान होतं, भीती होती, डॉक्टरांचे आभार होते. शेवट असा होता: “मला काहीच त्रास नव्हता. तपासणी केली म्हणून मी वाचले. तुम्हीही आजच मानेची सोनोग्राफी करून घ्या.”

एक शब्दही त्यांनी मुद्दाम खोटा लिहिला नव्हता. त्यांना मनापासून वाटत होतं की आपल्या वाट्याला आलेली वेळ निदान कुणाच्या तरी उपयोगी पडावी. त्याच आठवड्यात तपासणी केंद्रांच्या एका साखळीकडून प्रस्ताव आला. या व्हिडिओभोवती मोहीम करू, गायिकेच्या नावाने मानेच्या सोनोग्राफीवर सवलत देऊ, मिळकतीचा काही भाग रुग्णांसाठी ठेवू. मॅनेजरला हा प्रस्ताव सोन्यासारखा वाटला: दौरा बुडालेला, बदनामी झालेली, आणि समोर समाजकार्याची संधी.

अडचण हॉर्मोनतज्ज्ञांनी दाखवली. लक्षणं नसलेल्या माणसांची थायरॉइड तपासणी सरसकट करू नये, असं वैद्यकशास्त्राचं मत आहे. अमेरिकेतल्या प्रतिबंधक आरोग्य सेवा कृतिगटाने २०१७ मध्ये तशी स्पष्ट शिफारस केली. त्यामागचं कारण दक्षिण कोरियात सगळ्यात ठळक दिसलं. तिथे १९९९ मध्ये कर्करोग तपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. थायरॉइड त्यात नव्हता, पण रुग्णालयं थोडे जास्तीचे पैसे घेऊन मानेची सोनोग्राफी जोडून देऊ लागली. २०११ पर्यंत थायरॉइडच्या कर्करोगाच्या निदानाचं प्रमाण १९९३ च्या १५ पट झालं. त्या एका वर्षात ४०,००० हून जास्त लोकांना हे निदान मिळालं. या कर्करोगाने होणारे मृत्यू आधी वर्षाला ३०० ते ४०० होते आणि तेवढेच राहिले. म्हणजे जी हजारो माणसं ‘वाचली’ असं समजत होती, त्यांतल्या बहुतेकांचा जीव धोक्यात नव्हताच. शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी सुमारे ११ टक्के लोकांना कॅल्शियम सांभाळणाऱ्या पॅराथायरॉइड ग्रंथींचा त्रास मागे लागला आणि २ टक्के लोकांचे स्वरतंतू लुळे पडले. २०१४ मध्ये तिथल्याच काही डॉक्टरांनी जाहीर आवाहन करून सरसकट तपासणीला विरोध केला. पुढच्या वर्षभरात थायरॉइडच्या शस्त्रक्रिया सुमारे एक तृतीयांशाने कमी झाल्या.

इतक्या गाठी येतात कुठून? त्या असतातच. फिनलंडमध्ये १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, इतर कारणांनी मरण पावलेल्या १०१ माणसांच्या थायरॉइडची बारकाईने तपासणी केली गेली. त्यांतल्या सुमारे ३६ टक्के जणांमध्ये पॅपिलरी कर्करोगाचे सूक्ष्म ठिपके सापडले. आयुष्यभर त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

सगळ्यात अवघड बैठक

ही आकडेवारी गायिकेपुढे ठेवली तेव्हा खोलीत कुणाला पुढे बोलता येईना. त्यांनी सरळ विचारलं, “म्हणजे डॉक्टर, माझी शस्त्रक्रिया गरजेची नव्हती? माझा आवाज उगीच गेला?”

मॅनेजर घाईने म्हणाला, “ताई, असं काही नाही, तुम्ही वाचलात.” डॉक्टरांनी त्याला थांबवलं. ते म्हणाले, “तुमच्यापुरतं उत्तर कुणालाच देता येणार नाही. तुमची गाठ वाढणाऱ्या थोड्यांपैकी होती की न वाढणाऱ्या पुष्कळांपैकी, हे ती काढल्यावर कळायची सोय नाही. तुम्ही माहिती घेऊन निर्णय घेतलात, तो वैद्यकीयदृष्ट्या मान्य पर्यायांपैकीच होता. पण लाखो लोकांना काय करा म्हणून सांगायचं, हा प्रश्न वेगळा आहे.”

माझ्या दृष्टीने हे प्रकरण इथे वळलं. आजारातून उठलेल्या माणसाला ‘मी वाचले’ या वाक्याचा मोठा आधार असतो. ते काढून घेणं क्रूर आहे, आणि ते त्यांच्यापुरतं काढून घ्यायची गरजही नव्हती. घरात, मैत्रिणींत, स्वतःशी त्या ते हजार वेळा म्हणू शकत होत्या. पण त्यांच्या तोंडून तेच वाक्य लाखो कानांवर पडलं की ते सल्ला बनतं. ऐकणारा त्यातून ‘तपासलं तर वाचतो, नाही तर मरतो’ एवढंच घेऊन जातो. प्रसिद्ध माणसाने खरं बोलावं ही अपेक्षा रास्तच आहे. पण ऐकणारा आपल्या खऱ्या बोलण्यातून कोणती कृती उचलेल, हेही त्याला आधी पाहावं लागतं. सामान्य माणसावर हे ओझं नसतं, कारण त्याच्या शब्दाने रांगा लागत नाहीत.

रांगा खरोखर लागतात. ऑस्ट्रेलियन गायिका कायली मिनोगच्या स्तनाच्या कर्करोगाची बातमी मे २००५ मध्ये आली आणि त्या दोन आठवड्यांत ऑस्ट्रेलियात मॅमोग्राफीसाठीच्या (स्तनांच्या एक्स-रे तपासणीसाठीच्या) नोंदण्या ४० टक्क्यांनी वाढल्या. त्यांत योग्य वयाच्या, कधीच तपासणी न केलेल्या स्त्रियाही होत्या, ही मोलाची गोष्ट. पण कमी धोका असलेल्या तरुण स्त्रियांच्या तपासण्याही वाढल्या. इंग्लंडमध्ये टीव्हीमुळे नावारूपाला आलेल्या जेड गुडी मार्च २००९ मध्ये, वयाच्या २७ व्या वर्षी, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने गेल्या. त्यांच्या आजारपणाच्या काळात तिथे जवळपास पावणेपाच लाख जास्तीच्या तपासण्या झाल्या. या तपासणीने जीव वाचतात हे सिद्ध झालेलं आहे, म्हणून ती लाट उपकारक ठरली. तरीही तपासणीचं वय २५ वरून २० वर आणा, हा लोकांचा आग्रह तज्ज्ञांच्या समितीने पुराव्यांअभावी नाकारला. म्हणजे बोलण्याचा परिणाम बोलणाऱ्याच्या हेतूवर फार थोडा ठरतो. ज्या तपासणीबद्दल तो बोलतो ती मुळात उपयोगाची आहे का, यावर बराचसा ठरतो.

कोणते मार्ग विचारात घेतले

पूर्ण मौन हा मार्ग फोटो फुटल्यावर उरला नव्हता. प्रस्ताव स्वीकारून मोहीम करणं गायिकेने त्याच बैठकीत नाकारलं. त्यासाठी कुणाला त्यांची समजूत घालावी लागली नाही. “जे केल्याने माझ्यासारखी वेळ विनाकारण कुणावर येईल, ते माझ्या नावाने नको,” एवढंच त्या म्हणाल्या.

दोन ओळींचं लेखी निवेदन सुरक्षित होतं. मी सुरुवातीला त्याच बाजूने होतो. गायिकेला ते पटलं नाही. एकदा खोटं सांगितलं गेलं आहे, आता कागदामागे लपले तर लोक त्यालाही खोटं मानतील, हे त्यांचं म्हणणं बरोबर होतं.

मग व्हिडिओ करायचा, अनुभव पूर्ण सांगायचा आणि ‘तपासून घ्या’ हे वाक्य गाळायचं, असं ठरलं. सल्ला द्यायचाच नाही म्हणजे चुकीचा सल्ला जाणार नाही, असा साधा हिशेब होता.

काय केलं

व्हिडिओ प्रसिद्ध करण्याआधी तो वैद्यकीय क्षेत्राशी संबंध नसलेल्या काही जणांना दाखवायचं ठरलं: वाद्यवृंदातले कलाकार, कार्यालयातली माणसं, त्यांच्या घरची मंडळी. ‘आवडलं का’ हा प्रश्न मुद्दाम ठेवला नाही. ‘हे ऐकून तुम्ही आता काय कराल?’ एवढंच विचारलं. बहुतेकांचं उत्तर एकच आलं: मानेची तपासणी करून घेऊ. जे वाक्य व्हिडिओत नव्हतंच, ते सगळ्यांना ऐकू आलं होतं.

यात आश्चर्य वाटायला नको होतं. हॉलिवूड अभिनेत्री अँजेलिना जोलीने मे २०१३ मध्ये लिहिलं की बीआरसीए१ या जनुकातल्या दोषामुळे कर्करोगाचा धोका खूप वाढलेला असल्याने तिने दोन्ही स्तन काढून टाकले. नंतरच्या एका पाहणीत अमेरिकेतल्या सुमारे तीन चतुर्थांश लोकांना ही गोष्ट माहीत होती, पण तिच्यासारखा दोष असलेल्या स्त्रीचा धोका आणि इतर स्त्रियांचा धोका यांतला फरक १० टक्क्यांहून कमी लोकांना नीट सांगता आला. तिने लिहिलेल्या मजकुरात तिची स्वतःची परिस्थिती स्पष्ट होती. लोकांच्या लक्षात तिने काय केलं ते राहिलं, कोणत्या परिस्थितीत केलं ते निसटलं.

म्हणून व्हिडिओ पुन्हा चित्रित केला. या वेळी गायिकेने उलट बाजू स्पष्ट सांगितली. मानेला गाठ लागत असेल, आवाज काही आठवडे बसलेला असेल, गिळायला त्रास होत असेल, लहानपणी मानेवर किरणोपचार झाले असतील किंवा घरात कुणाला थायरॉइडचा कर्करोग झाला असेल, तर डॉक्टरांकडे जा. यांतलं काहीच नसेल, तर केवळ माझी बातमी ऐकली म्हणून सोनोग्राफी करू नका. संसर्गाचं आधीचं स्पष्टीकरण खरं नव्हतं, हेही त्यांनी मान्य केलं आणि मॅनेजरचं नाव न घेता जबाबदारी स्वतःकडे घेतली. आवाजाबद्दल एकच वाक्य ठेवलं: वरचे स्वर परत येतील की नाही, हे अजून माहीत नाही.

‘शस्त्रक्रियेऐवजी लक्ष ठेवण्याचा पर्यायही मला सांगितला गेला होता’ हे वाक्य ठेवायचं का, यावर बरीच चर्चा झाली. सर्जनना ते स्वतःवरचा ठपका वाटला. गायिकेने ते ठेवलं, पण सर्जनचा सल्लाही मान्य पद्धतीनुसारच होता, हे त्याच्या जोडीला सांगितलं. मला हा त्यांचा सगळ्यात धीराचा निर्णय वाटतो. कारण ते वाक्य ऐकणारा प्रत्येक जण ‘मग तुम्ही का केलीत?’ असं विचारणार होता, आणि विचारलंच.

परिणाम

व्हिडिओचं स्वागत संमिश्र झालं. पुष्कळांनी मोकळेपणाचं कौतुक केलं. काहींनी ‘प्रसिद्ध लोकांना महागड्या तपासण्या चालतात, आम्हाला मात्र करू नका म्हणतात’ असा राग काढला. हा राग खोटा नव्हता. गायिकेची स्वतःची गाठ त्याच तपासणीत सापडली होती. ‘माझी तपासणीही विम्याच्या अटीमुळे झाली, डॉक्टरांनी सांगितली म्हणून नाही’ हे व्हिडिओत एका वाक्यात येऊन गेलं होतं, पण निसटतं.

जिचा प्रस्ताव गायिकेने नाकारला होता, त्या तपासणी केंद्रांच्या साखळीने त्यांचं नाव न घेता ‘लाडक्या आवाजाला जे झालं ते तुम्हाला होऊ नये’ अशी जाहिरात चालवली. कायदेशीर नोटीस गेल्यावर ती मागे घेतली गेली. तोवर ती किती जणांपर्यंत पोचली, हे कळायला मार्ग नाही.

सगळ्यात जिव्हारी लागलेली प्रतिक्रिया एका कुटुंबाची होती. त्यांच्या घरातली व्यक्ती थायरॉइडच्याच कर्करोगाने काही महिन्यांत गेली होती. प्रकार होता अ‍ॅनाप्लास्टिक, जो अत्यंत वेगाने वाढतो. व्हिडिओत गायिका ‘थायरॉइडचा कर्करोग बहुतेकदा संथ असतो’ असं म्हणाल्या होत्या. विधान चूक नव्हतं, पण त्या घराला ते दुःखाची थट्टा वाटलं. गायिकेने दोन दिवसांत लेखी खुलासा केला: आपण बोललो ते पॅपिलरी प्रकाराच्या लहान गाठींबद्दल, सगळ्या थायरॉइड कर्करोगांबद्दल नाही. त्या कुटुंबाशी त्या खासगीत बोलल्या. काय बोलणं झालं ते त्यांनी आम्हालाही सांगितलं नाही, आणि ते योग्यच होतं.

दौरा जवळपास वर्षाने झाला. काही गाणी त्यांनी खालच्या पट्टीत घेतली.

काय वेगळं करता आलं असतं

पहिली गोष्ट शस्त्रक्रियेच्या आधीची. दौरा ढकलावा लागणार हे तेव्हाच स्पष्ट होतं, म्हणजे विचारणा होणार हेही स्पष्ट होतं. एका वाक्याचं खरं निवेदन त्याच दिवशी तयार ठेवायला हवं होतं आणि कोण बोलेल हे ठरायला हवं होतं. भूल उतरत असलेल्या माणसाच्या वतीने मॅनेजरने निर्णय घेण्याची वेळच आली नसती.

दुसरी, चाचणीसाठी निवडलेल्या माणसांची. ती सगळी गायिकेच्या जवळची आणि निरोगी होती. एखाद-दुसरा थायरॉइडचा रुग्ण किंवा रुग्णाचा नातेवाईक त्यांत असता, तर ‘संथ असतो’ हे वाक्य तिथेच अडलं असतं. आजाराबद्दल बोलायचं आणि तो आजार झालेल्यांनाच आधी विचारायचं नाही, ही उणीव या क्षेत्रात वारंवार दिसते.

तिसरी गोष्ट व्हिडिओच्या रचनेची, आणि तिचा त्रास अजून संपलेला नाही. त्यात आधी कहाणी होती, मग सावधगिरी. लोकांनी पहिला भाग कापून घेतला. त्या तुकड्यात गायिका म्हणतात की मला काही त्रास नव्हता आणि तपासणीत कर्करोग सापडला. पुढचं काहीच नाही. आजही फिरतो तो हाच तुकडा, आणि तो त्यांच्या मूळ मसुद्याइतकाच दिशाभूल करतो. पूर्ण व्हिडिओ शोधून बघणारे थोडे. आता त्या नवीन, छोटा व्हिडिओ करत आहेत. त्यातलं पहिलं वाक्य सोनोग्राफीची गरज कोणाकोणाला नाही याबद्दल आहे, आणि ‘मला कर्करोग झाला होता’ हे त्याच वाक्यात, पण नंतर येतं. प्रसिद्ध करण्याआधी तो या वेळी रुग्णांच्या एका गटाला दाखवायचा आहे.